भिवाची बायको

१९५२. शहाडला मतदानाच्या रांगेत माझ्यापुढे एक मास्तर शेजाऱ्याला समजावत होते.

“शहाण्यांनीच राज्य करावं म्हणणारा तो ग्रीक तत्त्वज्ञ आज असता, तर त्याने शहाण्यालाच मत दिलं असतं. आणि तो जर्मन तत्त्वज्ञ? त्याने चिठ्ठीच फाडली असती!”

तेवढ्यात मिठागरातली एक बाई आतून परत आली.

“मास्तर, मला हाकलली. यादीत माजं नाव नाय.”

“असं कसं? घरोघर यादी करताना मी स्वतः लिहिलंय, भिवाची बायको.”

“त्येच कापलं. बाईचं सोताचं नाव पायजे म्हनतात.”

“मग तेव्हाच सांगायचंस!”

“सांगत व्हते. तुमीच म्हनलात, एवढं पुरे. मेलेले गोरे कुनाला मत देतील ते ठावं हाय तुमाला. माजं नाव ठावं हाय?”

मास्तरांनी शेजाऱ्याकडे पाहिलं.

“सगुणा. तुमचं मत मागनं द्या. आधी आत चला नि ह्ये नाव सांगा.”