लाडू आदल्या दिवशीच न्या

आजच? नाही जी, आजचे नोका नेऊ. लगन पुढच्या सोमवारी म्हनता आन लाडू आज नेता — बसा, बसा त्या बाकावर, चांदूर रेल्वेच्या गाडीले टाइम आहे अजून. पहिले पानी घ्या. वैशाखात अकोल्यात उतरलेल्या मानसाले मी पहिले पानी देतो, मंग सौद्याचं बोलतो. हं, आता ऐका. बुंदीचा लाडू म्हनजे काही सुपारी नाही, का आज आनली, डब्यात टाकली आन वर्सानं काढली. त्याचा एक दिवस असते. वळला तवा तो कोरडाच लागते, बुंदी वेगळी आन पाक वेगळा. रातभर मुरला का दुसऱ्या दिवशी तोच लाडू असा नरम पडते का दात नसलेल्या बुढीनंही खावा. तो दिवस लगनाचा असला पाहिजे. म्हनजे लाडू कवा न्याचा? आदल्या दिवशी. आदल्या दिवशी दुपारी माह्या दुकानातून उचलाचा, टोपल्यात खाली-वर पळसाची पानं घालाची, संध्याकाळी तुमच्या घरी. त्याच्या आधी नाही.

हासता काय? आधी नेनारेही असते नं बाप्पा. गेल्या साली मूर्तिजापूरचे एक पुंजारामभाऊ होते, भला मानूस, पन भारी जपनारा. पोट्टे खाऊन टाकतीन म्हून लय दिवस आधी लाडू नेले — गरमच डब्यात भरले, झाकन दाबलं, वरून कुलूप ठोकलं, किल्ली जानव्याले. लगनाच्या दिवशी वऱ्हाड निघालं, रुमालात बांधून द्याले डबा उघडला, तं लाडवाईले दाढ्या-मिशा फुटलेल्या. गरम लाडवाले डब्यात घाम सुटते, दुसरं काय! व्याही मंडळी रिकामे रुमाल झटकत गेली. आन पुंजारामभाऊ मले बाईमानसालेच बोलाले आले अठी, याच बाकावर बसून. मी म्हनलं भाऊ, मी लाडू दिले होते, कुलूप नोतं दिलं.

काय म्हनता? पक्क्या पाकाचे? आहे, करतो मी पक्क्या पाकाचे. पाक असा आटवाचा का पान्यात थेंब टाकला तं गोळी झाली पाहिजे. टिकते, नाही कसं म्हनू, महिनाभर काही होत नाही त्याले. पन तो लाडू आहे का? तो गोटा आहे. फौजेत जानाऱ्या पोराले माय बांधून देते तो लाडू. लगनात देते का कोनी? वऱ्हाडी मानूस घरी जाऊन रुमाल सोडन, लेकराच्या हातात देईन, आन लेकराचा दात पडन. तुमी नवरीचे मामा, नाव तुमचं जाईन. वामनरावांनी गोटे वाटले म्हनतीन लोक. कोन सांगतलं तुमाले पक्क्या पाकाचे आना म्हून? आन आजच आना म्हून?

नवरदेवाकडच्याईनं. हं. मले वाटलंच होतं. कुठचे म्हनलं नवरदेवाकडचे — चांदूर बाजारचे जानरावच नं? संत्र्याची बाग, घरापुढं विहीर. म्हनूनच तं तुमाले इतक्या लांबून माह्या दुकानावर धाडलं, नाही तं तुमच्या चांदूर रेल्वेले लाडू भेटत नाही का? भेटते. तुमच्या तोंडून नवरदेवाचं, उत्तमचं, नाव निघालं तवाच मी हात पुसून उठली. अहो, जानराव म्हनजे माह्या मालकाचे सख्खे मोठे भाऊ. मी दुर्गाबाई, उत्तमची काकू. तुमाले नाही सांगतलं कोनी? नसन सांगतलं. जाऊ द्या.

तं मी म्हनत होती, त्या घरचे लाडू मी वेगळे करीन. वेलदोडा नाही टाकनार. उत्तमले चालत नाही तो, अंगावर पित्त उठते. लहानपनी एकदा माहे मालक, पंजाबराव, यात्रेतून पेढे घेऊन आले — ते वेलदोड्याचे — आन त्या पोट्ट्याचं तोंड असं सुजलं का डोये दिसेनात. दिवसभर मांडीवर घेऊन बसली मी, ओल्या फडक्यानं पुसत. तो म्हने, माय, मी आंधळा झालो का? आता हासू येते, पन त्या दिवशी — काय? माय कावून म्हने? लहान लेकरू, काहीही म्हनते काकूले... नाही. तसं नाही भाऊ. तोंडातून निघालंच आहे तं निघालं. तो दत्तक आहे हे तं तुमाले माहीत असन, पोरगी द्याच्या आधी विचारलंच असन तुमी. कोनाचा घेतला हे नाही विचारलं. माहा आहे तो. पोटचा.

आता असं पाहू नोका माह्याकडे, कोनी हिसकून नाही नेलं. माह्या जाऊची, चतुराबाईची, कूस भरली नाही, जानराव खंगून राहिले होते, आन माहे मालक भावासाठी जीव द्याले तयार. मले विचारलं बरं त्याईनं. दुर्गे, तुही काय मर्जी? म्हने. कापसाच्या जीनमध्ये रुई दाबनाऱ्याच्या बायकोची काय मर्जी असते हो? तिकडे बाग, दूध, शाळा. अठी एक खोली आन साऱ्या घरात कापसाचा उडता धूर. मालक म्हने, आपल्याले काय, अजून होतीन. झालं! भटजीनं मालकाच्या हातावर पानी सोडलं, पोराले उचलून चतुराबाईच्या मांडीवर बसवलं, तिनं त्याच्या तोंडात साखर घातली. मी दारापाशी उभी होती. त्याले साखर भेटली म्हून तो खूश. अजून काही आमाले झालं नाही. मालकाले तो रुईचा खोकला लागला, त्याच्यातच गेले. मंग मी हे लाडू सुरू केले. लोक म्हनते, पोरगं दिलं म्हून बाई लोकाईच्या लगनाचे लाडू वळत बसली. तसं काही नाही. पोटाले पाहिजे नं काही तरी.

पन एक सांगतो, लाडू वळनं हे एकट्याचं काम नाही. पाक गरम आहे तोवर वळून झाले पाहिजे, नाही तं बुंदी मोकळी होते, मंग कितीही दाबा. लगनघरी चार-पाच बाया बसते घमेल्याभोवती, हात पोळते, हासते, एकमेकीच्या सासूचं काढते आन लाडू होऊन जाते. मी एकटीच वळतो. कोनी बोलाले नाही, तं त्या बुंदीले सांगत बसतो. म्हून तुमाले उठू देत नाही मी, नाही तं गिऱ्हाइकाले इतकं कोन सांगते? बाकी गिऱ्हाईक उभ्या उभ्याच घेऊन जाते. तुमी बसले, बरं वाटलं.

येते का? उत्तम? मालक गेले तवा आला होता. चतुराबाई बाजूले बसलेली. त्यानं माहे पाय धरले आन म्हने, काकू, सांभाळा स्वताले. सांभाळा म्हने. माय असती तं सांभाळ म्हनलं असतं, नाही का? लेकरू मायले तुमी म्हनते का कुठं? पन बरोबरच आहे त्याचं, त्याले शिकवलं तसं तो बोलन. मंग परवाच्या साली एकटाच आला एकदा, बागेची संत्री अकोल्याच्या बाजारात घेऊन आला होता. उंच झाला, बापासारखा थोडा वाकून चालते. तुमी बसले तठीच बसला. दोन लाडू खाल्ले आदल्या दिवशीचे. काकू, म्हने, अशी चव कोनाच्याच हाताले नाही. मी म्हनलं अजून घे. तो म्हने, नाही, आई वाट पाहत असन. आई म्हने तिले. मी चिवड्याची पुडी बांधून दिली. गेला. दिवसभर मंग मले घाना जमला नाही, बुंदी चपटीच पडे.

तं आता माहं ऐका भाऊ, मी काय ठरवलं ते. तुमी आज रिकाम्या हातानं जा. मी रविवारी ताजे करतो, एकतारी पाकाचे, आन सोताच घेऊन येतो तुमच्या घरी. पॅशिंजरनं येईन, टोपलं डोक्यावर, मले सवय आहे. नाही, नाही, मांडवात नाही येत मी. माहं कपाळ मले माहीत आहे, शुभकार्यात समोर समोर कराले मी काही येडी नाही. मागं आचाऱ्यापाशी बसन. वऱ्हाड निघताना रुमालात लाडू बांधाले कोनी तरी लागनच नं? तुमच्या घरच्या बाया तवा पोरीच्या गळ्यात पडून रडत असतीन. मी बांधीन. एकेकाच्या हातात देताना पाहाले तं भेटन, बस. सूनमुख चतुराबाईनं पाहावं, सुनेच्या तोंडात साखर तिनं घालावी, ते तिचं आहे, मी काही मागत नाही त्याच्यातलं. मले त्याले बाशिंग बांधलेलं पाहाचं आहे. एवढंच. नऊ महिने पोटात वागवलं आन त्याचं लगन मी लोकाईच्या तोंडून आयकू का? मले पाहाचं आहे भाऊ.

आवतन? नाही आलं अजून. येईन. दर साली संत्र्याचं टोपलं धाडते जानराव, विसरत नाही, तं आवतन कसं विसरतीन? आन मी पाहुनी म्हून येतच नाही, मी लाडवासंगं येतो. लाडूवाली. लाडूवालीले कोनी विचारते का, तू कोनाकडची म्हून? पन चतुराबाई मोठी हुशार बाई आहे हो. तिले माहीत आहे — ताजे लाडू मांगतले तं ते घेऊन येनारं कोनी तरी येईन. म्हून तिनं तुमाले सांगतलं पक्क्या पाकाचे आना, आठ दिवस आधीच आना. माह्याच हातचे पाहिजे, पन मी नोको. तुमाले यातलं काय माहीत, तुमी आपले सांगतलं तसं आले. बाई वाईट नाही ती. जीव लावला तिनं त्याले, मी डोयानं पाहिलं. पन इतकी वर्सं झाली, तिच्याच मांडीवर आहे तो, आता कुठं मी उचलून नेनार आहे त्याले? सांगजा तिले, दुर्गा म्हने लाडू आदल्या दिवशीचेच चांगले. एवढंच सांगजा. आदल्या दिवशी —

काय म्हनता?

चतुराबाईनं नाही? मंग जानरावांनी... उत्तमनं? सोता? तुमाले सोता सांगतलं त्यानं? काय म्हने? नाही, जसं बोलला तसंच सांगा, शब्द गिळू नोका. अकोल्याच्या काकूचेच आना. आन? पक्क्या पाकाचे. आन आधीच जाऊन आना... म्हनजे काकूले यावं नाही लागन.

असं म्हने.

हं.

नाही, नाही. तुमी कावून माफी मांगता, तुमचं काय चुकलं त्याच्यात? बरोबरच आहे त्याचं. ऊन किती आहे. आन तठी येऊन मी कोन म्हून बसू? कोनी विचारलं, ही बाई कावून रडते हो, तं त्यानं काय सांगावं? लगनाच्या दिवशी त्या पोराले कावून त्रास? त्यानं विचार केला असन. माह्यापेक्षा जास्तच केला असन.

उठा भाऊ, गाडी चुकन तुमची. ते कोपऱ्यात दोन डबे आहेत नं, ते न्या. पातूरच्या एका मानसाचे आहेत, पक्क्या पाकाचे, थंड झालेले. त्याले मी दुसरे करून देईन, आता घाना लावतोच. वेलदोडा आहे का? नाही, यात पन नाही, मी कोनाच्याच लाडवात टाकत नाही. धरा. दोन्ही हातानं धरा. आन आता अठी येऊ नोका पुन्हा, गरज नाही पडनार, या लाडवाले महिनाभर काही होत नाही. जा.