बर्फातल्या बुटाचे सुखतळे

धरणगाव स्टँडसमोर कादरभाईंकडे मी चपलेचा अंगठा शिवायला टाकला होता. माझ्याआधी आलेले चुडामण आबा आणि त्यांची बायको भागाबाई मिलिटरीतल्या आपल्या पोराच्या बुटात घालायला सुखतळे निवडत होते.

"अक्का, हा स्पंजचा घ्या. मऊ आहे."

"मऊ तर गादीबी ऱ्हाते, कादरभाऊ. त्याला बर्फात उभं राहायचं शे. टाचेला आधार पाहिजे."

"मग नमद्याचा घ्या, दाबलेल्या जाड लोकरीचा. टाचेखाली चामड्याचा तुकडा चिकटवून देतो."

"आणि आत आपल्या शेतातला कापूस भरा."

"अगं, बूट शे का गोधडी?"

"तुम्ही गप बसा, आबा! कादरभाऊ, हे माप घ्या. ओट्याच्या सिमेंटात त्याचा पाय उमटेल शे, त्यावर सुतळी धरून आणलं."

"अक्का, हे तर लहान पोराचं माप आहे!"

"अरे हो, ओटा केला तेव्हा तो चौथीत होता," आबा म्हणाले.

"मग सुतळीचं दुसरं टोक धरून तुम्हीच बसले होते ना, आबा? तेव्हा का नाही बोलले?"

"मलाबी बरोबरच वाटलं. पण पोराला एवढ्या मिशा आल्या, पाय वाढला नसेल का?"

"त्यानं धाडलेल्या फोटोत मिशा दिसल्या. पाय तर बर्फात बुडेल होते."