चेंडू कुणी दिला?

स्वमग्न मुलांना एकमेकांशी खेळायला शिकवणाऱ्या वर्गाबाहेर, बाकावर एक आजोबा आणि एक आजी.

“कुणाला खरं वाटायचं नाही, पण काल माझ्या नातवानं तुमच्या नातीला आपणहून चेंडू दिला. वर ‘आता तुझी पाळी’ म्हणाला!”

“बोलला?”

“खणखणीत! बाईंचे डोळेच भरून आले. तुमची आपली नुसती बघत बसली.”

“अस्सं?”

“मग सगळी पोरं त्याच्याच मागे!”

“आजोबा, पुरे थापा! मी काचेतून बघत होते. चेंडू माझ्या नातीनं दिला. तुमच्या नातवानं न पळता तो हातात घेतला, त्यावरच तर मी कालपासून जळतेय. माझी अजून कुणाकडून काही घेतच नाही!”