उजव्या कौलावर पुन्हा कौल

बसा मंडळी, बसा. मागचे पुढे या, पुढचे जरा सरका. ज्यांना झोपायचंय त्यांनी खुशाल खांबाला टेकून झोपा, फक्त घोरू नका. पेटीवाल्यांचा सूर चुकतो!

पूर्वरंगात श्रद्धेवर बोललो. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आपला हात कोण धरणार! आता मला एक सांगा – देवानं स्वतः 'कर बाबा' म्हटलं, तरी माणूस जागचा हलत का नाही? बोला! आता का गप्प? एरवी पारावर बसलात की देशाचा कारभार तुम्हीच चालवता की!

बरं, मीच सांगतो. ऐका.

तळीवणे नावाचं एक गाव. कोकणातलं. गाव म्हणजे काय, अकरा वाड्या अकरा डोंगरांवर फेकलेल्या. आणि गिरणी एकच – खाली बाजारपेठेत, अनंतशेटची. या गिरणीवर एकवीस वर्षं चक्की चालवणारा माणूस म्हणजे आपला विश्राम गोताड. नखशिखान्त पीठ! बायको वनिता म्हणायची, "अहो, आधी अंग झटका, मग घरात या. नाहीतर तुमच्याच भाकऱ्या थापीन."

या विश्रामच्या डोक्यात चार वर्षं एक कल्पना होती. वरच्या वाडीच्या चंद्राकाकू, वय सत्तरच्या पुढं, डोक्यावर दळण घेऊन दोन चढ उतरून यायच्या आणि तेच चढ चढून परत जायच्या. हा बघायचा आणि मनात म्हणायचा – चक्की टेम्पोवर बसवली तर? वर डिझेलचं इंजिन, आणि वाडीवाडीत जाऊन दारात दळून द्यायचं! मेव्हण्याचा टेम्पो परसात उभाच होता. कोंबड्या त्यात अंडी घालत होत्या. मेव्हणा म्हणाला होता, "भाऊजी, घेऊन जावा हो, कोंबड्यांचं मी बघतो!"

आहे की नाही झकास कल्पना? मग चार वर्षं विश्रामनं काय केलं? विचार केला! अहो, विचारासारखा बिनश्रमाचा धंदा दुसरा नाही. "लोक हसले तर?" "पीठ जाडं आलं तर?" "चढावर इंजिन बंद पडलं तर?" मंडळी, लोकांना या कल्पनेचा पत्तासुद्धा नव्हता! गाव बिचारं हसायचं राहून गेलं होतं, आणि हा त्यांच्या वाटणीचंही स्वतःला हसून घेत होता.

एका बुधवारी अनंतशेटनं त्याला बोलावलं. "विश्राम, मुलं म्हणतात तालुक्याला चला. गिरणी बंद करतोय. चक्की तू घेऊन जा. एकवीस वर्षं तिला तूच जपलीस, तुझीच ती. पण रविवारी दुपारपर्यंत उचल हो. दुपारी भंगारवाल्याला सांगितलंय."

झालं! नोकरी गेली, पण चक्की आपणहून चालून आली. दुसरा असता तर तिथंच शेटच्या पाया पडून दोरखंड आणायला पळाला असता. विश्राम म्हणाला, "आईला कौल लावतो."

आई म्हणजे गावची वाघजाई. तिथली रीत अशी – गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना तगरीची एकेक ओली कळी चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि एकदा कौल मिळाला की त्याच कामासाठी पुन्हा कौल लावायचा नाही. पोरासोरांनाही ठाऊक असलेली रीत.

गुरुवारी सकाळी भिकाजी गुरवानं कळ्या लावल्या. उजवी पडली! टपकन! गुरव म्हणाला, "जा, लाग कामाला."

शुक्रवारी विश्राम परत हजर.

"काय रे?"

"तसं नव्हे गुरवकाका, काल टेम्पोचं विचारलं. इंजिनाचं विचारायचं राहिलं."

वा रे पठ्ठ्या! पुन्हा उजवी पडली. शनिवारी पुन्हा आला. "लोक नावं ठेवतील का, तेवढं विचारा." पुन्हा उजवी! तीन वेळा साक्षात आई उजवा कौल देते, आणि याचं तोंड कसं? एरंडेल प्यायल्यासारखं! हसू नका हो पेटीवाले. तुम्ही दुकान टाकणार, टाकणार म्हणून मी गेली सहा वर्षं ऐकतोय.

घरी वनिता म्हणाली, "अहो, आई आणखी काय करील? खाली उतरून टेम्पोला धक्का मारील?"

रविवार उजाडला. दुपारी भंगारवाला येणार. आणि हा कुठं? देवळात! "काका, शेवटचं. एवढंच विचारा – नक्की ना?"

गुरवानं कपाळावर हात मारला, कळ्या लावल्या. आणि मंडळी, या खेपेस डावी पडली!

नकार! आता हा रडेल, डोकं आपटेल – तुम्हाला काय वाटलं? अहो, फुलला! चेहरा असा उजळला जसा लग्नात नवरदेवाचा. "बघा काका! मी म्हणतच होतो! आईच नाही म्हणते, मग माझा काय इलाज?"

भिकाजी गुरव पंचाऐंशी वर्षांचा म्हातारा. त्यानं पाणावलेले डोळे रोखून बघितलं त्याच्याकडं. "विश्राम, तीनदा हो मिळाला तेव्हा सुतकी तोंड करून गेलास. एकदा नाही मिळाला तर पेढे वाटायला निघालास. मेल्या, तू होकार मागायला येत होतास की नकार?"

विश्राम मान खाली घालून अंगावरचं पीठ झटकू लागला.

"ठीक आहे. आता मी विचारतो." म्हाताऱ्यानं दोन नव्या कळ्या चिकटवल्या आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं – "आई वाघजाई! हा विश्राम गोताड चक्की भंगारात घालतोय! दगडाचे तुकडे होतील, पट्टा जळणात जाईल, आणि वरच्या वाडीची चंद्रा मरेपर्यंत डोक्यावर दळण वाहील! ह्याला तुझा होकार असेल तर उजवी दे!"

आणि उजवी कळी हलली. जरा घसरली...

"थांब! नको आई! नको!"

कोण ओरडलं? विश्राम! ज्याला तीन दिवस देवीचं 'हो' पुरलं नाही, तो देवीला 'थांब' म्हणाला! स्वतःच दचकला. मग जो पळत सुटला तो तडक बाजारपेठेत. चप्पल देवळातच!

भंगारवाल्याची माणसं पट्टा सोडवत होती. विश्राम धापा टाकत चक्कीला आडवा झाला. "हात लावायचा नाय! माझी आहे ती!" एकवीस वर्षांत पहिल्यांदा 'माझी' म्हणाला हो. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग सगळं सुरळीत झालं असं वाटतं तुम्हाला? छे! मेव्हण्याच्या टेम्पोवर चक्की चढवली, इंजिन बसवलं, आणि पहिल्याच दिवशी पीठ जाडं आलं. तिसऱ्या वाडीच्या चढावर इंजिन बंद पडलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणजे चार वर्षं ज्याची भीती घेतली होती ते सगळं एका दिवसात झालं! आणि विश्राम? जिवंत राहिला! इंजिन खोललं, पुसलं, चक्कीच्या दगडाला टाकी लावून धार काढली, पुन्हा दळलं. चंद्राकाकूंनी दारात बसल्या बसल्या दळून घेतलं, पीठ चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाल्या, "उद्या जरा बारीक दळ हो." उद्या! कळलं? म्हातारीनं उद्याचंही ठरवून टाकलं.

तर मंडळी, मघाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? मिळालं? छान. मग ते मागं, टोपीवाले, तुम्ही का चुळबुळताय? काहीतरी विचारायचंय. विचारा.

"बुवा, ती कळी शेवटी कुठली पडली?"

घ्या! एवढा घसा फोडला, माणूस धावत गेला, चक्की डोंगर चढली, आणि तुम्ही अजून देवळातच बसलात कळीकडं बघत! मला ठाऊक नाही कुठली पडली. विश्रामनं मागं वळून बघितलंच नाही! तुम्हाला बघायचीच असेल तर बसा तिथं. नाहीतर म्हणा वाघजाईच्या नावानं चांगभलं, आणि उठा – उद्या सकाळी ज्याला जे करायचंय ते करायला!