दानीएलभाऊंनी न पाहिलेला उजेड

पाळकसाहेब, मंडळींनो, आणि आमच्या मंडळीतले नसूनही भाऊंना निरोप द्यायला आज इथं आलात ते सगळे, तुम्हाला माझा सलाम.

मला आज बोलायचं नव्हतं. पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं, दोनदा मी नाही म्हटलं. पण सकाळी चर्चच्या दारावर लावलेली छापील सूचना वाचली आणि घरी जाऊन लिहायला बसले. त्या सूचनेत आपल्या जुन्या मासिकातली भाऊंची हकिगत आहे. भूकंपात घराखाली गाडले गेलेल्या भाऊंनी गीत गायलं, आभाळातून उजेड उतरला आणि ते वाचले, अशी. ती हकिगत खरी नाही. आणि ती मी लिहिलेली आहे.

म्हणून बोलते. कागद हातात धरूनच बोलते. तोंडी बोलले तर आजही काहीतरी सुधारून सांगेन. तीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या. तो हात अजून गेलेला नाही.

भाऊंना तुम्ही ओळखत होता. कोयनानगरला वर्कशॉपमध्ये फिटर. मागे पुढे कोणी नाही. भूकंपानंतर ते साताऱ्याला आले ते प्लास्टरमधला पाय घेऊन, आणि चर्चच्या मागच्या खोलीत राहिले ते शेवटपर्यंत. आपल्या मंडळीच्या मासिकाला त्यांची साक्ष हवी होती. बाहेरून आलेल्यांना सांगते, साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. आमच्याकडे ज्याची साक्ष मोठी, त्याला मान मोठा. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. तसं आहे.

मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"घराखाली होतात तेव्हा प्रार्थना केली असेल ना, भाऊ?"

"आठवत न्हाई, बाई. लय थंडी वाजत व्हती. तोंडात माती गेल्याली."

"पण मनातल्या मनात?"

"आसंल बी."

तेवढ्यावर मी त्यांच्या तोंडी आख्खी प्रार्थना घातली. मग विचारलं, उजेड वगैरे काही दिसला का? ते म्हणाले, "दिसला की! हसनभाईनं वरची कौलं काढली. भाईर दिस उगावला व्हता."

त्याचं मी काय केलं ते तुम्ही सकाळी दारावर वाचलंच आहे.

हसनभाई, तुम्ही मागे खांबापाशी बसला आहात. तुमचं स्वतःचं घर पडलेलं होतं. तरी तीन तास तुम्ही हातांनी माती उपसलीत, आणि मधे मधे फटीतून हात घालून भाऊंची बोटं धरून ठेवलीत. मी लिहिलं, "शेजाऱ्याच्या मदतीने". दोन शब्द. वाक्य लांबत होतं म्हणून. मी तुमची माफी मागते. ती दहा वर्षांपूर्वी मागायला हवी होती.

मी लिहिलेलं भाऊंनी वाचलं. बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "बाई, ह्यो मानूस लय मोठा दिसतोय. कोन हाय ह्यो?"

मी हसले. मला ते माझ्या लेखनाचं कौतुक वाटलं.

पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. कराडची बोलावणी आली, मिरजेची आली, सांगलीची आली. भाऊ उभे राहायचे, माझी वाक्यं म्हणायचे, बायका पदर डोळ्यांना लावायच्या. गळ्यात हार पडायचे. कोंबडीचं जेवण व्हायचं. कोणीतरी कोट शिवून दिला. पोरं मागं लागायची, "भाऊ, उजेडाचं सांगा! उजेडाचं!" आणि भाऊ सांगायचे. तो उजेड कधी निळसर असायचा, कधी हळदीच्या रंगाचा. मी कडेला खुर्चीवर बसून ऐकायची आणि मनात म्हणायची, छान उतरलंय.

मंडळींनो, एक धुकं मला विसरता येत नाही. पाचगणीच्या एका शाळेत सभा झाली होती. आम्ही दोघं एस. टी. स्टँडकडे चालत निघालो. भर दुपार होती, पण धुकं इतकं की सिल्व्हर ओकची झाडं बुंध्यापर्यंतच होती. वर नुसतं पांढरं. रस्ता दहा पावलं पुढं संपायचा आणि आपण गेलो की पुन्हा दहा पावलं उघडायचा. कुठंतरी शाळेची घंटा झाली. ती डावीकडून आली की उजवीकडून, कळलं नाही. आपण चालतोय की उभ्याउभ्या झोपलोय, असं मला वाटत होतं. आणि भाऊ शेजारून बोलत होते. त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"बाई, त्यो उजेड आता मला खरंच दिसतो."

"कोणता?"

"तुमी लिवल्याला. डोळं मिटलं की येतो. आन् घर पडल्यालं मला आता आठवत न्हाई. हसनभाईचा हात आठवत न्हाई. तुमचा उजेडच तेवढा ऱ्हायलाय." थोडं चालून म्हणाले, "त्यात ऊब न्हाई बगा. समद्यास्नी वाटतं, देव माज्या लय जवळ हाय. सभा झाली की लोक घरी जात्यात. मी खोलीत येतो. आत कोन नसतं."

मी काय म्हणायला हवं होतं? आज मला दहा गोष्टी सुचतात. तेव्हा मी म्हणाले, "भाऊ, वेड्यासारखं बोलू नका. तुमच्यामुळे लोकांची श्रद्धा वाढते."

"व्हय, बाई," ते म्हणाले. आणि धुक्यातून गाडी आली.

माणूस उपाशी आहे म्हणून सांगत होता, आणि मी त्याला जेवणाचं वर्णन वाचून दाखवत होते. मी, कॉलेज शिकलेली बाई.

मग तासगावकडच्या एका वस्तीवर प्रार्थनासभा झाली. मी होते. शेणानं सारवलेलं अंगण, वर चिंचेची सावली. भाऊ साक्ष सांगत सांगत उजेडापाशी आले. समोर एक बाई बसली होती, एस्तेरआक्का. तिचा तरणा मुलगा विहिरीचं काम करताना दरड कोसळून गेला होता. ती उठली. सभेत कोणी असं मधे उठत नाही.

"भाऊ, माजा पोरगा दर ऐतवारी चर्चला जायचा. त्यानं बी हाक मारली आसंल. त्याला का न्हाई आला उजेड? त्याच्यात काय कमी व्हतं, सांगा की."

कोणीतरी म्हणालं, "आक्का, खाली बसा."

"न्हाई बसत. सांगू द्या त्यांना."

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. म्हणजे, पुढे चला. पुढचं वाक्य ठरलेलं होतं. पण त्यांनी कोट काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि जाऊन एस्तेरआक्कासमोर खाली जमिनीवर बसले.

"आक्का, तुज्या पोरात काय कमी नव्हतं. मी प्रार्थना केली नव्हती. गानं म्हनलं न्हाई. मला कुटला उजेड दिसला न्हाई. ह्ये समदं नंतरचं हाय. मी लबाड बोललो."

अंगणात चुळबूळ झाली. एक वडीलधारे मोठ्यानं म्हणाले, "मग इतकी वर्सं आमास्नी काय फशिवलंसा व्हय?" भाऊ म्हणाले, "व्हय, आबा. फशिवलं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही उठून ते सांगितलं नाही. तेही आज सांगते.

एस्तेरआक्का रडत नव्हती. तिनं विचारलं, "मंग तुमी वाचलासा कसं?"

"एका मानसानं हात धरून ठिवला. त्याला माज्याकडं कुनी धाडलं, ह्ये मला ठावं हाय. तुज्या पोराकडं कुनी का पोचलं न्हाई, ह्ये ठावं न्हाई. ठावं हाय म्हनलो तर पुन्ना लबाडी व्हईल."

मग ती रडली. आणि भाऊ तिथंच तिच्याजवळ बसून राहिले. लोक एकेक करून उठून गेले. सावली सरकली, ऊन दोघांच्या पाठीवर आलं, तरी बसून राहिले. मी कुंपणापाशी उभी होते. ते मला आता स्वप्नात पाहिल्यासारखं वाटतं. आवाज नाही, हालचाल नाही. एका अंगणात दोन माणसं, आणि तिथं तिसरंही कोणी आहे असं वाटायला लावणारी शांतता.

आठ महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. सगळ्यांना वाटलं, भाऊ खोटं बोलले म्हणून बाई चिडल्या. मी चिडले होते ते त्यांनी खरं सांगितलं म्हणून. माझं सगळ्यात चांगलं लेखन त्यांनी त्या अंगणात मोडून टाकलं होतं.

बोलावणी बंद झाली, पण छापलेलं कोणी मागे घेतलं नाही. कोट त्यांनी देऊन टाकला. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायला लागले. मी पुढच्या बाकावरून मागे वळून बघायची आणि मला राग यायचा. कारण तो माणूस खूश होता. काही नसताना खूश होता. शेवटी न राहवून मी त्यांच्या खोलीवर गेले. ते स्टोव्हची पिन शोधत होते.

मी उभ्याउभ्याच विचारलं, "तुम्हाला नक्की मिळालं तरी काय?"

"बसा की, बाई. च्या ठिवतो."

"चहा नको. उत्तर द्या."

"त्या अंगणात मी पैल्यांदा प्रार्थना केली. एकच इचारलं. प्रभू, हाईस का?"

"मग? आवाज आला?"

"न्हाई. पर पुन्यांदा इचारावं लागलं न्हाई." पिन सापडली. स्टोव्ह पेटला. "आता खोलीत आलो की आत कोनतरी असतं, बाई."

मी बसले. चहा घेतला. मंडळींनो, मी जन्मापासून ख्रिस्ती आहे. रविवारची शाळा मी चालवली, वर्गणी कधी चुकवली नाही, माझ्यासारखी शिस्त तुमच्यापैकी कोणात नाही हे तुम्हीही मान्य कराल. आणि त्या दिवशी त्या पत्र्याच्या खोलीत मला कळलं, की प्रभूविषयी मी आयुष्यभर बोलत आले. प्रभूजवळ कधी बसले नाही. मान, शिस्त, लोकांची वाहवा, मी हेच खात आले होते. यातल्या कशानं पोट भरत नाही. मला तरी भरलं नाही. जे भरतं ते भाऊंना ऊन अंगावर घेत, जमिनीवर बसून मिळालं. मलाही मिळालं, उशिरा मिळालं, कारण मी खुर्ची सोडायला फार वेळ लावला. आज तुमच्यापैकी कोणाला खोलीत आल्यावर आत कोणी नाही असं वाटत असेल, तर माझ्याइतका उशीर करू नका. विचारा. तो आहे.

शेवटची चार वर्षं भाऊ दर मंगळवारी दवाखान्यातल्या क्षयरोग्यांकडे जायचे. साक्ष सांगायला नाही. बसायला. तिथले एक निवृत्त सुभेदार त्यांना लांबून बघूनच ओरडायचे, "आलं बगा किरिस्ताव! काय धाडलंय आज तुमच्या येशूनं?" भाऊ म्हणायचे, "लिंबू." आणि खरंच खिशातून लिंबू काढायचे.

गेल्या आठवड्यात भाऊंनी मला बोलावलं. श्वास पुरत नव्हता. म्हणाले, "बाई, लिवून घ्या. पर आता माजंच लिवा." मी लिहून घेतलं.

आता सूचना दारावरून काढावी, अशी पाळकसाहेबांना माझी विनंती आहे. नवीन काही छापू नये. आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. मनात माझी वाक्यं आणू नका.

भाऊ, सलाम.

त्यांनी माझ्याकडे जे सोपवलं ते वाचून खाली बसते. यात एक अक्षर मी बदललेलं नाही.

"मंगळवार. तीन ते पाच. खिडकीजवळ सुभेदार. तंबाकू मागत्याल, द्याची न्हाई. लिंबू द्याचं. मधल्या खाटंवर बाबू गवंडी. डाव्या कानानं ऐकत न्हाई, उजवीकडं बसाचं. स्तोत्र वाचल्यालं आवडतं, लय लांब नको. दाराजवळ अण्णा. देवाचं नाव काडलं की चिडत्यात. काडू नका. नुस्तं बसा. सगळ्यात जास्त येळ तितं बसा."

तीन माणसं. ताब्यात मिळाली, ही माझी पोच. मंगळवारपासून मी जाते आहे.