ह ह ह ह

बारामतीच्या स्टँडवर वृषाली इंदापूरच्या गाडीची वाट बघत होती. शेजारी शेळगावचे आबासाहेब आणि सिंधुबाई मांडीवरच्या खोक्यावरून भांडत होते.

"अगं, नातीच्या लॅपटॉपला एक कीबोर्ड अंगचाच हाय. ह्यो खोक्यातला वरचा. वायर खुपसली की चालू."

"म्हंजी सवतच की."

"तू चहा सांडला नसता तर कशाला लागला असता? तवापासनं त्यो जुना आपोआप 'ह' लिवतोय. नंदिनीनं बघून गेलेल्या त्या पोराला लिवलं, मला तुमच्याशी लगीन करायचं न्हाय. आन त्याच्याम्होरं ओळभर ह ह ह ह!"

"मंग?"

"मंग काय! त्याला वाटलं पोरगी चेष्टा करती. रविवारी सुपारी फोडायला येत्यात."

"पोरगं हसरं हाय. त्यानंबी उलट तेवढंच 'ह' पाठवलं."

"आता ह्या नव्यावर ती नीट न्हाय म्हणून लिवंल. दुकानदार म्हनला, लॅपटॉपात लिनक्स हाय, जुन्याला आतनंच गप करता येतंय."

"मंग तुमाला का न्हाय बसवत त्यो लिनक्स?"

इंदापूरची गाडी लागली.

"अवं, तुमी म्होरं हून जागा धरा. खोकं मी आणते."

आबासाहेब चढले. मागोमाग सिंधुबाई रिकाम्या हातानं चढल्या. खोकं बाकड्यावरच राहिलेलं बघून वृषाली ते घेऊन धावली आणि तिनं ते खिडकीतून आत दिलं.

"आजी, विसरला होता!"

आबासाहेबांनी दोन्ही हात जोडले. सिंधुबाईंनी मात्र वृषालीकडं असं काही बघितलं, की ती त्या गाडीत चढलीच नाही.