फोनवर ऐकलेलं इंजिन

स्पेअर पार्टच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे दोघं होते. एक रस्त्यात बंद पडलेले ट्रक दुरुस्त करणारा मेकॅनिक, दुसरा त्याचा मेहुणा.

“दाजी, तुमचा धाकटा भाऊ म्हणे फोनवर इंजिन ऐकूनच बिघाड सांगतो.”

“नुसती थेरं! पाना धरायला मी शिकवलं त्याला.”

“पण ट्रकवाले त्यालाच बोलावतात. नेमका पार्ट घेऊनच पोचतो.”

“आणि मी काय हात हलवत जातो?”

“जाता, बघता, मग पार्टसाठी परत येता. आत्तासुद्धा तेच चाललंय की.”

“तू मेहुणा माझा आहेस की त्याचा?”

“चिडू नका. फोन वाजतोय तुमचा.”

“हॅलो! गाडी ओढत नाही? थांब, फोन इंजिनाजवळ धर. रेस दे... अजून दे...”

“काही कळलं, दाजी?”

“तुझा फोन काढ. धाकट्याला लाव, आणि माझ्या फोनला चिकटवून धर. माझं नाव काढायचं नाही.”

“हॅलो, हा आवाज ऐक जरा. काय बिघडलंय सांग.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, टर्बोचा पाइप फाटलाय. मागे दुकानातला गलका ऐकू येतोय; दादाला म्हणावं, दुकानातच आहेस तर घेऊनच जा.”

“हं. माझाही अंदाज तोच होता.”